गिरगाव ते कुलाबा, जुने अड्डे: पाटी बघून आत शिरू नका

मोबाइलवर 'दक्षिण मुंबईतले जुने बार आणि इराणी कॅफे' अशा याद्या फिरत असतात. त्यांच्या भरवशावर कुणी निघणार असेल तर आधी हे वाचा. त्यातल्या बऱ्याच जागांची फक्त पाटी जुनी उरली आहे. आतलं टेबल, भाव, माणसं आणि मुख्य म्हणजे बसू देण्याची पद्धत, सगळं बदललंय. आम्ही यादी घेऊन निघालो आणि पहिल्याच ठिकाणी कापले गेलो, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

माझं गाव म्हणजे गिरगाव. चाळ पाडून टॉवर झाला, आम्ही बाहेर पडलो, आता तिकडे जायचं तर पाहुण्यासारखं. शाळेपासूनचा मित्र बरोबर होता. बेत असा, की ठाकूरद्वारपासून सुरुवात करायची आणि चिराबाजार, धोबीतलाव, फोर्ट करत कुलाब्यापर्यंत चालत जायचं. वाटेत कॉलेजच्या दिवसांपासून पहिल्या पगारापर्यंत जिथे जिथे बसलो, त्यातलं काय शिल्लक आहे ते बघायचं. दिवसभर चालायची सवय, चांगले बूट आणि पाण्याची बाटली तुमच्याकडे आहे असं धरून चालतो.

अड्डा म्हणजे आमच्या लेखी दोन प्रकार. खिशात पैसे नसायचे तेव्हा इराण्याचं हॉटेल: एक चहा, एक ब्रून मस्का (कडक पावाला लोणी) आणि दोन तास गप्पा. गल्ल्यावरचा इराणी फार तर पंखा बंद करायचा, पण उठा म्हणायचा नाही. नोकरी लागल्यावर परमिट रूम, म्हणजे परवाना असलेला साधा बार. तळमजला, सनमायकाचं टेबल, मालक शेट्टी काउंटरवर, बाटली उघडायच्या आत समोर खारे शेंगदाणे आणि कांदा-लिंबू मारलेले उकडलेले चणे. चखण्याचे पैसे कुणी लावत नव्हतं. कोणाचे वडील आतल्या बाकावर बसलेत हे शेट्टीला ठाऊक असायचं आणि तो दारातच डोळ्यांनी खुणावायचा, "आज नको." आम्ही मुकाट्याने इराण्याकडे वळायचो. हा माणूस आमचा पालकच होता, असं आज वाटतं.

आता ते पहिलं ठिकाण. नाव लिहीत नाही, पण पाटीवर नाव तेच आहे, अक्षरंही त्याच वळणाची. आत शिरलो तर तळमजल्यावर पार्सलचं काउंटर. "साहेब, खाली फक्त पार्सल, बसायचं तर माळ्यावर." माळ्यावर एसी, निळे दिवे, दुपारी दोन वाजता कानठळ्या बसवणारं गाणं. दोन बिअर मागवल्या, एक सुरमई फ्राय, एक मसाला पापड. शेंगदाणे आले नाहीत. मागितले तेव्हा मेन्यूत बघायला सांगितलं. पाण्याची सीलबंद बाटली न मागता उघडून ठेवली.

बिल असं होतं: बिअर ८४०, बाकी खाणं आणि पाणी ६६०, एकूण १५००. त्यावर सर्व्हिस चार्ज १० टक्के, १५०. मग या १६५० वर ५ टक्के जीएसटी, ८२ रुपये ५० पैसे. आणि बिअरवर १० टक्के व्हॅट, ८४. सगळं मिळून १८१६ रुपये ५० पैसे.

इथे थांबून नीट समजून घ्या, कारण पुढच्या प्रत्येक टेबलावर हे कामाला येईल. दारू जीएसटीमध्ये येतच नाही, तिच्यावर राज्याचा व्हॅट. म्हणजे जीएसटी लागायला हवा होता फक्त ६६० वर, ३३ रुपये. व्हॅट ८४ बरोबर. सर्व्हिस चार्ज तर बिलात आपोआप टाकायचाच नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला स्पष्ट केलं आणि २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयानं ते उचलून धरलं. खरं बिल १६१७ रुपयांचं. म्हणजे एकाच बैठकीत १९९ रुपये ५० पैसे जादा, आणि त्यातही बिअरवर जीएसटी लावायचा म्हणजे हद्द झाली. मॅनेजरला बोलावलं. "काका, सिस्टिममधून तसंच येतं." सिस्टिम कोण भरतं, असं मित्रानं विचारल्यावर सर्व्हिस चार्ज निघाला. जीएसटीवर तो शेवटपर्यंत हटला नाही. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. तिथेच टेबलावर बसून लावा, बिलाचा फोटो काढून ठेवा. पाण्याच्या बाटलीवरून मात्र भांडू नका. हॉटेलात बसून प्यायच्या पाण्याला छापील किमतीचं बंधन नाही असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा निकाल आहे. बाटली उघडू देऊ नका आणि साधं पाणी मागा, एवढंच आपल्या हातात.

भाव का चढले तेही खरं सांगायला हवं. २०२३ च्या अखेरीस बारमधला व्हॅट ५ वरून १० टक्के झाला. जून २०२५ मध्ये राज्यानं भारतात बनणाऱ्या विदेशी मद्यावरचं (व्हिस्की, रम वगैरे) उत्पादन शुल्क निर्मिती खर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केलं, त्यातून बिअर वगळली होती. १४ जुलै २०२५ ला राज्यभर बारवाल्यांनी बंद पाळला. छोट्या शेट्टीला हे झेपत नाही. मग तो जागा विकतो किंवा माळ्यावर निळे दिवे लावतो. हे सगळं कळतं, पण म्हणून बिअरवर जीएसटी लावायचा नसतो.

ठाकूरद्वार ते धोबीतलाव हा पट्टा सांगतो, कारण यानेच आमचं कंबरडं मोडलं. जगन्नाथ शंकरशेट रस्त्यानं अंतर जेमतेम सव्वा किलोमीटर. लहानपणी हे अंतर चालतोय असं जाणवायचंही नाही. आता फुटपाथवर हातगाड्या, लादीचे ढिगारे, दुकानाबाहेर मांडलेली खोकी, टॉवरचे पत्रे. फुटपाथवरून रस्त्यावर उतरायचं, मागून टेम्पोचा हॉर्न, परत वर चढायचं. चिराबाजारच्या मासळी बाजारापाशी पाय घसरतो, बुटाचा तळवा चांगला हवाच. उन्हात, पोटात बिअर असताना, हा तुकडा अजिबात चालू नका. सकाळी नऊच्या आत चाला, किंवा सरळ भुयारी मेट्रो घ्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये ही मार्गिका कफ परेडपर्यंत सुरू झाली. गिरगाव, काळबादेवी, सीएसएमटी, हुतात्मा चौक अशी ओळीनं स्टेशनं आहेत. आत मोबाइलला रेंज मिळेलच असं धरू नका, तिकिटासाठी सुटे पैसे ठेवा. गिरगावात उतरून ठाकूरद्वार बघायचं, परत आत शिरायचं आणि काळबादेवीला वर यायचं. आम्ही हट्टानं चाललो आणि धोबीतलावला पोचेपर्यंत एकमेकांशी बोलणं बंद झालं होतं. वाटेत बघण्यासारखं म्हणावं तर आमच्या वेळची एकही परमिट रूम उघडी दिसली नाही. एका जागी सराफाचं दुकान, एका जागी मोबाइल, एका जागी नुसतंच शटर. खोताच्या वाडीतलं अनंताश्रम बंद होऊनही जमाना झाला. तिथला मासा आणि तिथली खेकसणारी वाढपी मंडळी, दोन्ही आठवतात. आता गल्लीत फोटो काढणारे फिरतात.

धोबीतलावला मात्र जीव भांड्यात पडला. मेट्रो सिनेमासमोर जेर महालमधलं कयानी १९०४ पासून तिथेच आहे. लाकडी खुर्च्या, संगमरवरी टेबलं, काचेच्या बरण्या. आमच्या टेबलाच्या दगडाचा एक कोपरा तुटून गुळगुळीत झालेला होता. त्या कडेवरून बोट फिरवलं तर धार नाही, इतक्या मनगटांनी तो घासलाय. ब्रून मस्का चहात बुडवल्यावर लोण्याची नाणी वर तरंगली आणि मित्र परत बोलायला लागला. खिमा-पाव घ्या, मावा केक घ्या. पण दोन तास बसायचा विचार मनातून काढा. शनिवार-रविवारी दारात माणसं ताटकळत असतात आणि त्यांच्या डोळ्यांसमोर रिकामा कप घेऊन बसवत नाही. बसायचंच असेल तर आठवड्यातल्या दिवशी, चारच्या सुमारास. गर्दी टाळायची तर जवळच ससानियन आहे, १९१३ चं, तिथे जास्त मोकळं वाटलं. बस्तानी शोधत फिरू नका, ते कधीच बंद झालं, जुन्या याद्यांत नाव अजून सापडतं. आणखी एक, आमच्या वयाच्या लोकांसाठी महत्त्वाचं: जुन्या इराण्यांकडे गिऱ्हाइकासाठी स्वच्छतागृह असेलच असं नाही. सीएसएमटीला आटपून निघा.

फोर्टात मिलिटरी कॅफे, १९३३ चा. सगळ्या प्रवासात मनासारखी जागा हीच, आणि हे मी खुशीत येऊन लिहितोय हे मला माहीत आहे. इराणी आणि बिअर एकाच छपराखाली. डोक्यावर पंखा, समोर थंड बाटली, खिमा-पाव, आणि आजूबाजूला कोर्टातून सुटलेले वकील, ऑफिसातली माणसं, पेपर वाचत एकटेच बसलेले दोघे-तिघे. एकट्या माणसाला एक बाटली घेऊन निवांत बसता येणं ही अड्ड्याची खरी कसोटी, आणि ती इथे पास झाली. आमच्या शेजारी एक आजोबा अर्धी बिअर घेऊन तासभर होते, कुणी त्यांच्याकडे 'और कुछ?' म्हणून आलं नाही. वेटरनं आमचं टेबल फडक्यानं पुसलं, ऑर्डर लिहूनही घेतली नाही, आणि सगळं बरोबर आणलं. बिलात एक पैसा जास्त नाही. तुम्हाला एकाच ठिकाणी जायचं असेल तर बाकी सगळं सोडा आणि इथे जा. दुपारी एक ते अडीच मात्र टाळा, ती ऑफिसवाल्यांची वेळ, त्यांची जागा अडवू नये. शहीद भगतसिंग मार्गावर युनिव्हर्सल आहे, १९२१ चं. जागा देखणी, पण आम्ही दमलो होतो, एक बिअर घेऊन निघालो.

दुसऱ्या दिवशी बॅलार्ड इस्टेटला ब्रिटानिया, १९२३ चं. बेरी पुलाव उत्तम. टेबलाशी येऊन गप्पा मारणारे बोमन कोहिनूर २०१९ मध्ये गेले, त्यांची उणीव जाणवते. दुपारीच गाठा, आणि रविवारी हा सगळा भाग जवळजवळ बंद असतो. छान झालं, सांगण्यासारखं अजून काही नाही.

काळा घोड्याला अड्डा म्हणून जाऊ नका. जहांगीर आर्ट गॅलरीतलं समोवार कॅफे १९६४ ला सुरू झालं आणि मार्च २०१५ मध्ये बंद झालं. त्या चिंचोळ्या व्हरांड्यात एका चहावर संपूर्ण दुपार काढलेली माणसं आजही भेटतात, जागा भेटत नाही. पुढच्याच वर्षी ऱ्हिदम हाऊस हे गाण्यांच्या रेकॉर्डचं दुकानही गेलं.

कुलाब्यात लिओपोल्ड, १८७१ चं, आणि मोंडेगार, १९३२ चं. लिओपोल्डच्या भिंतीवर २६ नोव्हेंबर २००८ च्या गोळ्यांच्या खुणा आहेत, त्या बघून गप्प व्हायला होतं. मोंडेगारमधली व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांची चित्रं अर्धा तास न्याहाळत बसावीत अशी. पण दोन्हीकडे पर्यटक, भाव पर्यटकांचे, आवाजही त्यांचाच. आमच्या काळीही पगाराच्या दिवशीच तिथे पाय ठेवायचो. ताजच्या मागच्या गल्लीतलं गोकुळ हे कुलाब्यातलं आपल्यासारख्यांचं ठिकाण. संध्याकाळी सातनंतर टेबल मिळत नाही, पाचला जा.

लालबाग-परळ यादीतून काढा. तिथले बार गिरण्यांच्या पाळीवर चालायचे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात जवळपास अडीच लाख कामगार उतरले, आणि त्यांच्यातले फार थोडे साच्यावर, म्हणजे मागावर, परत गेले. मिल बंद, तर पाळी सुटल्यावर येणार कोण? फिनिक्स मिलच्या आवारात आता मॉल आहे.

परवान्याबद्दल तरुण मुलं विचारतात म्हणून सांगतो. १९४९ चा दारूबंदी कायदा अजून अस्तित्वात आहे आणि त्यानुसार प्यायला परवाना लागतो. बारमध्ये एक दिवसाचा पाच रुपयांत होतो, आजीवन हजार रुपयांत. नेहमी जाणाऱ्यानं आजीवन काढून ठेवावा, नाक्यावर कुणी अडवलं तर उपयोगी पडतो. बिअर-वाइनला वय २१ पूर्ण, बाकीच्याला २५. आमच्या वडिलांच्या पिढीला परमिट रूमही सहज मिळाली नाही, ते आंटीच्या अड्ड्यावर, म्हणजे घरातच चोरून दारू विकणाऱ्या बाईकडे, खोलीत जमिनीवर बसून प्यायचे आणि धाड पडली की मागच्या जिन्यानं पळायचे.

निघण्याआधी ड्राय डे तपासा. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर सगळ्यांना ठाऊक असतात, आषाढी एकादशी आणि अनंत चतुर्दशी लोक विसरतात. मतदानाच्या आधीचे दिवसही धरा. आत शिरताना पहिला प्रश्न विचारायचा तो "खाली बसता येईल का?" नाही म्हणाले तर पुढच्या दारात जा.