प्रियाला स्टेपनी होती

आण्णांची प्रिया स्कूटर साताऱ्यातच बनलेली. महाराष्ट्र स्कूटर्सचा कारखाना इथला, आणि आण्णा तिथंच कामाला. लहानपणी आम्ही चौघं त्या एका स्कूटरवर कोरेगावला आत्याकडे जायचो. एकदा वाटेत पंक्चर झालं. आण्णांनी स्टेपनी काढली, पान्यानं नट सोडले, आणि मी नि ताई बांधावर बसून बघत होतो तेवढ्यात चाक बदलून झालं सुद्धा.

हे आठवायचं कारण म्हणजे गेल्या फेब्रुवारीत आमची इलेक्ट्रिक गाडी आष्ट्याच्या अलीकडे उसाच्या फडाशेजारी तीन तास उभी होती. आई शेजारच्या सीटवर. तिनं बराच वेळ काही विचारलं नाही. मग म्हणाली, "आगं, एवढी नऊ-दहा लाखांची गाडी, आणि हिला स्टेपनी नाही?"

गाडी कुठल्या कंपनीची ते लिहीत नाही. मला एका कंपनीबद्दल बोलायचंच नाही, स्वस्तातल्या सगळ्याच छोट्या इलेक्ट्रिक गाड्यांबद्दल बोलायचंय. मी एमआयडीसीतल्या टूलरूममध्ये एकवीस वर्षं प्रेस टूलची, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या साच्यांची, ड्रॉइंगं करते. एखादी वस्तू अशीच का बनवली हे शोधल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि आईच्या प्रश्नाला त्या दिवशी रस्त्यावर मी जे उत्तर दिलं ते माझं मलाच पटलं नव्हतं.

झालं होतं असं. खड्ड्याच्या कडेनं टायरची बाजू फाटली. खिळा घुसला असता तर गाडीबरोबर आलेल्या डब्यातलं रसायन आणि छोटा कॉम्प्रेसर पुरला असता. पण ते रसायन जमिनीला टेकणाऱ्या भागातलं भोक बुजवतं. बाजूची भिंत फाटली तर त्याचा काही उपयोग नाही. गाडीत स्टेपनी नाही म्हणून जॅकही नाही. आष्ट्याहून पंक्चरवाले दादा जॅक घेऊन आले, मामेभावानं सांगलीतून त्याच मापाचा टायर मोटरसायकलवर बांधून आणला. माप साधं, १४ इंची, पेट्रोलच्या गाड्यांचंच. म्हणून मिळाला तरी. कमी घर्षणाचे खास टायर कुठल्या वेगळ्याच मापात दिले असते तर पाच-दहा किलोमीटर जास्त धावली असती गाडी, आणि त्या दिवशी आम्ही मुक्कामाला रस्त्यावरच.

मी आईला म्हणाले होते की वजन कमी करायला स्टेपनी काढतात. घरी येऊन हिशोब केला तर तसं दिसेना. चाक आणि जॅक मिळून सतरा-अठरा किलो. माणसं धरून तेराशे किलोच्या गाडीत हे दीड टक्क्याच्या आत. त्यानं दोनशे किलोमीटरमागं फार तर एक-दोन किलोमीटर जातील. खरं कारण जागा. पेट्रोलच्या गाडीत स्टेपनी जिथं बसते ती डिकीखालची खोलगट जागा आणि टाकीची जागा, या दोन्ही बॅटरीनं घेतल्या. माझ्या अंदाजानं त्या खोलगट जागेत चार-पाच युनिटं वीज साठवणारी बॅटरी तरी मावते, म्हणजे चाळीसेक किलोमीटर. जाहिरातीत चाळीस किलोमीटर दिसतात, स्टेपनी दिसत नाही.

मग पुढचा प्रश्न. बॅटरीला अशी कोपऱ्याकोपऱ्यात जागा का शोधावी लागते? गाडीचं अंग मुळात पेट्रोलसाठी आखलंय म्हणून. इथं माझं काम येतं. गाडीचं एक दार म्हणजे बाहेरचा पत्रा आणि आतला पत्रा. प्रत्येकाला आधी ड्रॉ (पत्रा दाबून आकार देणं), मग ट्रिम (कडा कापणं), पिअर्स (भोकं पाडणं), फ्लँज (कडा दुमडणं) अशा चार-पाच डाय, म्हणजे साचे, लागतात. बॉनेट, छप्पर, साइड पॅनल, सगळ्यांचं तेच. एवढ्या डायचा खर्च लाखो गाड्यांवर वाटला तर परवडतो, काही हजारांवर वाटला तर गाडी स्वस्त राहूच शकत नाही. टाटांनी सप्टेंबर २०२२ मध्ये टियागो इलेक्ट्रिक आणली, सुरुवातीची किंमत ८.४९ लाख. ती तशी आणता आली कारण टियागोचं अंग आधीच प्रेसवर रोज बनत होतं. नवं अंग बनवून ती किंमत बसली नसती. जानेवारी २०२४ मधली पंच ईव्ही खास इलेक्ट्रिकसाठी आखलेल्या सांगाड्यावर आली, त्यात बॅटरी गाडीच्या तळाशी सपाट बसते. पण ती गाडी वरच्या किमतीतली.

दुसरी वाट म्हणजे अंगच छोटं करायचं. २०२३ ची एमजी कॉमेट तीन मीटरहूनही आखूड, २९७४ मिलिमीटर. चार माणसं, पण दारं दोनच. दार कमी झालं की पत्रे कमी, डाय कमी, बिजागऱ्या, कुलपं, रबर सगळंच कमी. १७ युनिटांच्या बॅटरीत कंपनी २३० किलोमीटर सांगते. रोज एकट्यानं सांगली-मिरज करणाऱ्याला हे उत्तम आहे. मागं बसायला पुढची सीट दुमडावी लागते, आणि माझ्या आईचे गुडघे बघता आमच्या घरात ते चालणार नव्हतं. आपल्याकडची २००१ ची रेवा अशीच दोन दारांची होती, तेव्हा तर बॅटरीही शिशाची.

दाराचा विषय निघाला की मला नॅनो आठवते. तिच्या चाकाला तीनच नट होते. लोक बोलायचे त्यावर, पण एवढ्या हलक्या गाडीला तीन पुरतात, ती काटकसर अगदी बरोबर होती. मागचं दार मात्र उघडत नव्हतं. उघडणारं दार द्यायचं तर वेगळा पत्रा, बिजागऱ्या, आणि त्या भोकाभोवतीची चौकट मजबूत करावी लागते, म्हणून ते बंद ठेवलं. सामान ठेवायला मागची सीट पाडायची. २०१५ च्या जेनएक्स नॅनोत ते उघडायला लागलं. नटांना आणि दाराला, दोन्हीकडे खर्चाची कात्रीच लावलेली, पण दाराच्या कात्रीत वापरणाऱ्याचा हात सापडला. ड्रॉइंग बोर्डावर बसल्यावर मी हे उदाहरण स्वतःला नेहमी देते.

तर छोट्या इलेक्ट्रिक गाडीत कात्री लावायची कुठं? माझं मत आता पक्कं झालंय: बॅटरीला लावा. ऐकायला उलटं वाटेल. पण बॅटरीचं प्रत्येक वाढीव युनिट पेटी, तारा, नळ्यांसकट सात-आठ किलोचं. दहा युनिटं वाढवली की एक भरभक्कम माणूस कायमचा गाडीत बसला. त्याच्यासाठी स्प्रिंगा जाड, ब्रेक मोठे, पत्रा मजबूत, मग ते वजन ओढायला आणखी वीज. माझं घर शाहूपुरीत, काम कोडोलीत. रोजचं जाणं-येणं वीस किलोमीटरच्या आत. आठवड्यातून दोनदा रात्री १५ अँपिअरच्या सॉकेटला लावते. मोठी बॅटरी मी वर्षातून आठ-दहा दिवसांसाठी तीनशे पासष्ट दिवस वाहून नेली असती.

मोटरबद्दलही तसंच. लोक विचारतात, घाट चढते का? मी यवतेश्वरच्या घाटानं कासला नेली तेव्हा आकडे लिहून ठेवले. साताऱ्याहून कास साडेचारशे मीटरच्या आसपास उंच. तेराशे किलो एवढं वर उचलायला शास्त्रानं दीड युनिटाहून थोडी जास्त वीज लागते, कुठलीही गाडी असो. ताशी ४० नं तो चढ चढायला बारा-पंधरा किलोवॅट पुरतात, आणि टियागो-कॉमेटसारख्या गाड्यांच्या मोटरसुद्धा तीस किलोवॅटच्या वर आहेत. शिवाय जोर पहिल्या फेऱ्यापासून मिळतो, क्लच जळायची भीती नाही. जाताना बॅटरीचे १९ टक्के गेले, येताना सहा. उतारावर गाडी स्वतःच वीज परत भरत येते. एक मात्र सांभाळायचं: बॅटरी शंभर टक्के भरलेली असताना उतार लागला तर भरायला जागाच नसते, आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. कासला मुक्काम करून तिथं रात्रभर चार्जिंगला लावणाऱ्यांनी नव्वदला थांबवावं.

घाटापेक्षा जास्त वीज सपाट हायवे खातो. कराडपर्यंतचा रस्ता मोकळा, सगळे शंभरनं जाणारे. ७० ला हवा जेवढी अडवते त्याच्या दुप्पट १०० ला अडवते. आणि छोटी गाडी आखूड पण उंच असते, कारण माणसांची डोकी तेवढीच उंच. लांब निमुळती शेपूट द्यायला तिच्याकडे लांबी नाही. गावात शंभर किलोमीटरला मला ११-१२ युनिटं लागतात, हायवेला घाईत १४-१५. सांगली आमच्यापासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. मी ७५ ला जाते, पेठ नाक्याला चहा घेते, आणि पोचल्यावर बॅटरीत तीस टक्क्यांच्या वर उरलेले असतात. मामाकडे रात्रभर लावली की परतीची सोय.

जिथं कात्री अजिबात लागू नये ते बॅटरीचं थंड राहणं. निसान लीफ २०१० च्या शेवटी आली तेव्हा तिच्या बॅटरीला थंड करायची वेगळी व्यवस्था नव्हती. स्वस्त, हलकं, साधं. अमेरिकेत ॲरिझोनाच्या उन्हात दीड-दोन वर्षांतच मालकांच्या लक्षात आलं की बॅटरीची धारणाशक्ती घटतेय. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये सांगलीत पत्र्याच्या शेडखाली गाडी उभी असते. स्वस्त गाड्यांत आता बहुधा एलएफपी, म्हणजे लोह-फॉस्फेटचे, सेल असतात. निकेल-कोबाल्ट नको, किंमत कमी, उष्णता त्यातल्या त्यात सोसतात, आयुष्य लांब. वजनाला मात्र जड. तरीही द्रवानं थंड होणारी बॅटरी असेल तर पाच-दहा हजार जास्त द्यावेत असं मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगते. म्युझिक सिस्टिम नंतर बदलता येते, बॅटरीतल्या नळ्या नंतर बसवता येत नाहीत.

जलद चार्जिंगचंही तसंच. चीनमध्ये २०२० साली आलेल्या वूलिंगच्या छोट्या गाडीला जलद चार्जिंग नव्हतंच. ९ नाहीतर १४ युनिटांच्या आसपासची बॅटरी, रात्री घरी भरा. त्यातून तिची किंमत एवढी खाली आली की ती लाखांनी खपली. शहरातल्या दुसऱ्या गाडीसाठी हे पटतं. पण आमच्याकडे एकच गाडी, आणि तिला दवाखान्यासाठी पुण्यालाही जावं लागतं. बॅटरी छोटी चालेल, पण मग ती वाटेत तासाभरात भरली पाहिजे. दोन्हीकडे काटकसर केली तर गाडी गावाच्या वेशीशी बांधली जाते.

माझ्या मताला खरा धक्का मामाच्या घरी बसला. मामा सांगलीच्या गावभागात राहतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. तिथली धोक्याची पातळी ४५ आहे. त्यांचा तळमजला दिवसच्या दिवस पाण्यात. मामाला इलेक्ट्रिक गाडी घ्यायचीय, आणि त्यानं विचारलं की कंपनी म्हणते बॅटरी पाण्याला दाद देत नाही, मग राहू देऊ का खाली? मी म्हणाले, अजिबात नाही. कंपनी सांगते तो आयपी ६७ दर्जा म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. पावसाळ्यात रस्त्यावर साठलेल्या पाण्यातून जायला ते पुरतं, आठवडाभर गढूळ पाण्यात बुडून राहायला नाही. मग मामा म्हणाला, "पूर आला की लाईट आधी जाते. तेव्हा बॅटरीत वीसच टक्के असले तर मामीला आणि सामानाला घेऊन मी कुठवर जाणार?"

याला माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. त्याच्यासाठी मोठी बॅटरी घ्यावी, हे मी मान्य केलं. निदान जुलै-ऑगस्टमध्ये रोज रात्री गाडी पूर्ण भरून ठेवायची आणि पुलाचा आकडा चढायला लागला की त्याच दिवशी उंचावरच्या विश्रामबागला नेऊन लावायची, हे मी त्याच्या कॅलेंडरवर लिहून आलेय.

स्टेपनीचं मी मागच्या महिन्यात उरकलं. सुटं रिम आणि टायर घेतलं. डिकीत चाक नुसतं टाकून ठेवणं मला पटेना, जोरात ब्रेक लागला तर चौदा-पंधरा किलोचं चाक पाठीशी येणार. डिकी मोजली, मागच्या सीटच्या पाठीला लागून तिरकं उभं राहील असं तीन मिलिमीटर पत्र्याचं स्टँड काढलं, आणि रविवारी टूलरूममध्ये वाकवून घेतलं. सामान बांधायच्या मूळच्या हुकांना ते बोल्टनं बसतं. गाडीला नवीन भोक पाडलं नाही. रोज कामाला जाताना चाक घरी काढून ठेवते, सांगलीला निघायच्या आदल्या रात्री बसवते.

परवा येताना मामीनं नेहमीसारखं भडंग दिलं, पाच किलो हळद दिली. आईनं डिकी उघडली, चाकाकडे बघितलं, आणि हळदीच्या पुड्या एकेक करून रिमच्या पोकळीत बसवल्या.