जमालपूरचे ब्रार साहेब

कुलदीपसिंग ब्रार हे नाव काढलं की बहुतेकांना 1984 चं अमृतसर, सुवर्णमंदिरातली लष्करी कारवाई आठवते. आमच्या घरात आठवतं ते बांगलादेश युद्धातलं जमालपूर. मराठी माणसानं तरी या अधिकाऱ्याला आधी जमालपूरसाठी ओळखावं, असं मला मनापासून वाटतं. कारण 10 डिसेंबर 1971 च्या रात्री तिथं त्यांच्या हुकुमाची वाट बघत खंदकात पडून होती ती आपली पोरं.

पल्टन होती पहिली मराठा लाइट इन्फंट्री, म्हणजे 'जंगी पल्टन'. स्थापना 1768 ची. दुसऱ्या महायुद्धात इटलीत सेनिओ नदीकाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नामदेव जाधव हिच्यातलेच. ब्रार यांना कमिशन मिळालं तेही याच पल्टनीत आणि 71 ला लेफ्टनंट कर्नल असताना ते तिचे सीओ, म्हणजे पल्टनीचे प्रमुख होते. माझे थोरले चुलते, आमचे आबा, तेव्हा तिथं शिपाई होते. औसा तालुक्यातल्या आमच्या गावातून त्या काळी फौजेत गेलेले ते एकटेच.

ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांची 95 माउंटन ब्रिगेड मेघालयाकडून खाली उतरली. वाटेत कमालपूरची पाकिस्तानी चौकी होती. वेढा बरेच दिवस चालला, 4 डिसेंबरला ती शरण आली. पुढं बक्षीगंज, शेरपूर आणि मग ब्रह्मपुत्रेच्या पलीकडं जमालपूर. तिथं पाकिस्तानची 31 बलूच ही पल्टन पक्के बंकर बांधून बसली होती. समोरून धडक दिली असती तर माणसं फार गेली असती. म्हणून नदी वळसा घालून ओलांडली आणि जंगी पल्टन जमालपूरच्या मागं, ढाक्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर जाऊन बसली. माझ्या मते अर्धी लढाई तिथंच जिंकली होती.

9 डिसेंबरला क्लेर यांनी शरण यायचं पत्र पाठवलं. ते नेलं मुक्तिवाहिनीच्या, म्हणजे बांगलादेशी स्वातंत्र्यसैनिकांच्या दलातल्या जहिरुल हक मुन्शी यांनी, शेतकऱ्याच्या वेषात, एकट्यानं. त्यांना तिथं मारहाण झाली, तरी ते जवाब घेऊन परत आले. पाकिस्तानी सीओ कर्नल सुलतान अहमद यांनी कागदात एक गोळी गुंडाळून पाठवली होती. लिहिलं होतं, पुढच्या वेळी तुमच्या हातात लेखणीऐवजी स्टेनगन दिसावी. शत्रूचा असला तरी त्या जवाबातला ताठा मला आवडतो.

दुसऱ्या रात्री सुलतान यांनी वेढा फोडून निघायचं ठरवलं. ते पल्टन घेऊन निघाले ते थेट मराठ्यांच्या खंदकांसमोर.

आबा हे सांगतात येळवसेला, म्हणजे वेळा अमावास्येला. शेतात कडब्याच्या कोपीपुढं पूजा होते, आंबील-भज्जीचं जेवण होतं, मग कुणीतरी विषय काढतो. बाकी लढाईबद्दल ते फार बोलत नाहीत, या एका तासाबद्दल बोलतात. "बुटाचा आवाज येतोय, त्यांचं बोलणं ऐकू येतंय. मशीनगनवर बोट हाय. पर हुकूम न्हाई तवर हलायचं न्हाई. माझ्या शेजारच्याचा श्वास मला ऐकू येत व्हता." हुकूम आला तेव्हा रांग अगदी जवळ आलेली. मग पहाटेपर्यंत ते पुन्हा पुन्हा चढून आले आणि पुन्हा पुन्हा पडले. उजाडलं तेव्हा समोरच्या रानात 200 हून अधिक मुडदे होते. सुलतान थोड्या जवानांसह निसटले, उरलेली शिबंदी 11 तारखेला शरण आली. त्या रानात फिरून बघितलेलं मात्र आबा कधीच सांगत नाहीत, आणि आम्हीही विचारत नाही.

अंधारात, शत्रू अंगावर येत असताना शेकडो माणसांची बोटं ट्रिगरवर थांबवून धरायची, हे सीओचं काम. जवानाचा विश्वास नसेल तर कुणीतरी घाबरून आधीच गोळी झाडतो आणि सगळा डाव उधळतो. त्या रात्री तसं झालं नाही.

11 डिसेंबरलाच दुसरी पॅरा ही आपली छत्रीधारी पल्टन टांगाईलला विमानातून उतरली. पुढं पूंगलीच्या पुलावर जंगी पल्टन तिला जाऊन मिळाली. ही दुसरी पॅरा म्हणजे मूळची तिसरी मराठा, यशवंत घाडगे यांची पल्टन. त्यांचाही व्हिक्टोरिया क्रॉस इटलीतलाच. म्हणजे परमुलखातल्या त्या पुलावर दोन जुन्या मराठा पल्टनींची गळाभेट झाली. हे वाचलं तेव्हा मी धावत जाऊन आबांना सांगितलं. त्यांना अर्थातच माहीत होतं.

ब्रार यांना वीरचक्र मिळालं, क्लेर यांना महावीरचक्र. पल्टनीला 'जमालपूर' हा रणसन्मान मिळाला. वीरचक्र चांदीचं, फीत अर्धी गडद निळी, अर्धी केशरी. मुन्शी यांना बांगलादेशानं 'वीर प्रतीक' हा शौर्य सन्मान दिला. ब्रार पुढं लेफ्टनंट जनरल झाले आणि ज्या पूर्व कमांडखाली जमालपूर लढले, तिचेच प्रमुख होऊन निवृत्त झाले. आबांकडं त्या युद्धाची 'संग्राम मेडल' आणि 'पूर्वी स्टार' ही पदकं आहेत. पदकांची गोष्ट निघाली की ते आधी "सीओ साहेबांचं वीरचक्र" म्हणतात, स्वतःचं नंतर.

मी लातूरला शाळेत शिकवते. येत्या 16 डिसेंबरला, विजय दिवसाला, आबांना शाळेत बोलवलंय. फळ्यावर नकाशा मी काढणार आहे: कमालपूर, शेरपूर, नदी, जमालपूर, टांगाईल. बाण कुठून कुठं जातात ते आबा सांगतील.