उतरत्या तापमानाची रीडिंग

एमएस्सीच्या प्रोजेक्टला माझ्या वाट्याला कॉपर थॅलोसायनीन या निळ्या सेंद्रिय अर्धवाहकाची फिल्म आली. काचपट्टीवर व्हॅक्यूममध्ये चढवलेला निळा थर, त्याच्या दोन टोकांना सोन्याचे इलेक्ट्रोड. फिल्म निर्वात चेंबरमध्ये तापवायची आणि करंट मोजायचा, एवढंच काम. तांब्याची तार तापली की रोध वाढतो, इथे उलटं. रेणू एकमेकांना सैल धरून असतात, विद्युतभार एकावरून दुसऱ्यावर उड्या मारत जातो आणि उडीला लागणारी ऊर्जा त्याला उष्णतेतून मिळते.

माझा करंट आधी वाढला, पण 70 अंशांच्या पुढे चक्क उतरायला लागला. तीन दिवस मी वायरी बदलल्या, सिल्व्हर पेस्ट खरवडून नव्याने लावली. काही फरक नाही. जुलै होता, पुण्यात आठवडाभर ऊन पडलं नव्हतं, लॅबची दारं फुगून लागत नव्हती. मॅडमनी आलेख बघितला.

"चेंबर किती वेळ पंपावर होता?"

"अर्धा तास, मॅडम."

"अगं, फिल्मवरचं पाणी तरी गेलंय का? तापवतानाचं सोड, उतरतानाचं घे."

दमट हवेत फिल्मवर ओल बसते आणि करंट तिच्यातूनही गळतो. शिवाय हवेतला ऑक्सिजन थॅलोसायनीनमधून इलेक्ट्रॉन ओढतो, त्यामुळे होल, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, वाढतात आणि त्यांच्यामुळे वहनही वाढतं. निर्वातात तापवताना दोन्ही निघून जात होते, म्हणून करंट पडत होता.

मग रात्रभर पंप चालू ठेवला. सकाळी 120 अंशांवर नेऊन तासभर थांबले आणि 5-5 अंशांनी खाली आले, दर टप्प्यावर दहा मिनिटं. थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तारांची जोडी, हीटरच्या ठोकळ्यावर होता, तो काचेवर फिल्मच्या शेजारी आणला. हे मला फार आधी सुचायला हवं होतं, कारण ठोकळा आणि काच यांच्यात काही अंशांचा फरक सहज पडतो.

करंटचा नैसर्गिक लॉग (ln) आणि 1000/T असा आलेख काढला, T म्हणजे केल्विनमधलं तापमान. बिंदू सरळ रेषेत आले, चढ उणे 5.8. उणे चिन्ह सोडून त्याला 0.0862 ने (बोल्ट्झमन स्थिरांकावरून येणारा आकडा) गुणलं की सक्रियण ऊर्जा, म्हणजे उडीला लागणारी ऊर्जा, 0.5 इलेक्ट्रॉन व्होल्ट. एवढ्या ऊर्जेला 27 अंशांवरून 37 वर गेलं तरी करंट जवळपास दुप्पट होतो, म्हणून थर्मोकपलची जागा इतकी महत्त्वाची.

चेंबर न उघडता दुसऱ्या दिवशी फिल्म पुन्हा तापवली. या वेळी चढतीचे बिंदू आदल्या दिवशीच्या उतरतीच्या रेषेवरच बसले.