यझ्दच्या स्वयंपाकघरात आई

"बेदूने गोश्त, बेदूने मोर्ग, बेदूने माही." इराणला निघण्याआधी आईने हे वहीत लिहून घेतलं होतं आणि विमानात पाठ केलं होतं. मटणाशिवाय, कोंबडीशिवाय, माशाशिवाय. तिन्ही वेगवेगळं सांगावं लागतं, कारण नुसतं 'गोश्त नको' म्हटलं तर तिकडे त्यात कोंबडी धरत नाहीत. इस्फहानमध्ये एका ठिकाणी तिन्ही सांगूनही सूपमध्ये मटणाचे बारीक तुकडे निघाले. आईने वाटी हळूच बाजूला सारली. पुढचे दोन दिवस तिने नान, पनीर, काकडी आणि डाळिंबावर काढले. अडुसष्टाव्या वर्षी मी तिला हौसेने इतक्या लांब आणलं आणि तिला धड जेवायलाही मिळत नाही, हे मला फार लागलं होतं.

ऑक्टोबर २०१८ मधली ही गोष्ट. इस्फहानहून बसने तीनशे किलोमीटरच्या वर वाळवंट ओलांडून आम्ही यझ्दला आलो. यझ्दचा हट्ट आईचाच. तिची सगळी नोकरी पुण्याच्या कॅम्पात झाली आणि पगाराच्या दिवशी मैत्रिणींबरोबर इराण्याकडे बनमस्का-चहा हा तिचा ठरलेला कार्यक्रम असे. पुण्या-मुंबईच्या इराणी हॉटेलवाल्यांपैकी कितीतरी घराणी यझ्द आणि आसपासच्या गावांतून आलेली. "ती माणसं कुठून आली ते बघायचंय मला," एवढंच ती म्हणाली होती. सकाळी अग्निमंदिरात गेलो. तिथला अग्नी इसवी सन ४७० पासून अखंड तेवत ठेवलाय असं सांगतात. आजची इमारत मात्र १९३४ सालची, आणि तिच्या बांधकामाला पैसा हिंदुस्थानातल्या पारशांनी पुरवला. काचेपलीकडच्या त्या ज्वाळेसमोर आई बराच वेळ हात जोडून उभी होती.

संध्याकाळी जुन्या गावात फिरलो. मातीच्या उंच भिंती, डोक्यावर कमानी, आणि जिथे बघावं तिथे बादगीर. बादगीर म्हणजे वारा धरणारे मनोरे. वरच्या झरोक्यांतून वारा आत ओढायचा आणि खाली खोलीत सोडायचा, जमलं तर पाण्यावरून. एका बोळात लाकडी दार अर्धवट उघडं होतं आणि आतून परतलेल्या कांद्याचा वास येत होता. दारावर फलक होता तो फारसीत. आई म्हणाली, "इथेच जाऊ."

आत अंगण. मधोमध निळ्या फरशीचा हौद, कडेने डाळिंबाची दोन झाडं फळांनी वाकलेली, आणि भोवती लाकडी तख्त, त्यांवर गालिचे आणि लोड. हौद, तख्त, गालिचा: माझं लक्ष गेलं की इथल्या वस्तूंची नावं मला कुणी सांगायची गरजच नव्हती. गल्ल्यावरचे साठीचे गृहस्थ छातीवर हात ठेवून उठले. "खोश आमदीद!" कुठून आलात? मी 'हेंद' म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. "बम्बई?" त्यांच्या आईचे मामा मुंबईला गेले ते तिकडचेच झाले होते. पुणं त्यांना माहीत नव्हतं, पण मुंबईच्या जवळ आहे एवढं पुरलं.

मग आईने आपलं पाठांतर म्हणून दाखवलं. त्यांनी ते गंभीरपणे पूर्ण ऐकून घेतलं आणि आत हाक मारली. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल बांधलेल्या, पन्नाशीच्या एक बाई हात पुसत बाहेर आल्या. दोघांचं काहीतरी बोलणं झालं. बाईंनी आईकडे पाहिलं, "मादर-जान" म्हणाल्या आणि तिचा हात धरून तिला थेट स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. मी पाठोपाठ. प्रत्येक भांड्यावरचं झाकण उघडून त्या दाखवत होत्या. यात गोश्त, नाही. यात मोर्ग, नाही. यात, हे बघा, बादेमजान! वांगी. परतलेल्या वांग्याचा मऊ लगदा, त्यात कांदा, लसूण, वरून कश्क म्हणजे सुकवलेल्या आंबट ताकाचं दाट पाणी आणि तळलेला पुदिना. आईने वास घेतला आणि म्हणाली, "अगं, हे भरीतच की!"

शेवटी भाताचं पातेलं. तांदूळ मिठाच्या पाण्यात भिजवून अर्धे कच्चे उकडतात आणि गाळतात. मग पातेल्याच्या तळाला तेल आणि केशराचं पाणी, त्यावर बटाट्याच्या चकत्या, आणि वर भाताचा ढीग रचायचा. ढिगाला चमच्याच्या दांड्याने भोकं पाडायची म्हणजे वाफ फिरते. झाकणाला जाड कापड बांधायचं, वाफेचं पाणी परत भातात पडू नये म्हणून. मग मंद आचेवर तासभर दम. बाईंनी पातेल्यावर थाळा ठेवला, दोन्ही हातांनी पकडून एका झटक्यात उलटा केला, वर दोन थापा मारल्या आणि पातेलं उचललं. वर सोनेरी, करकरीत कवच. "तह-दीग," त्या म्हणाल्या. तळाचं, पातेल्याचं.

"खरपूड!" आई जवळजवळ ओरडलीच. तिच्या माहेरी सात भावंडं. पितळी पातेल्याच्या बुडाला धरलेली भाताची खरपूड कुणाला मिळणार यावरून रोज भांडणं. आजी पाळ्या लावून देई. हे सगळं आई त्या बाईंना मराठीत सांगत होती, हाताने खरवडून दाखवत होती, आणि बाई मान डोलावत होत्या. इराणातही तह-दीगवरून घरोघरी भांडतात, हे मला ठाऊक होतं, त्यामुळे मला भाषांतर करावं लागलं नाही. बाईंनी तो करकरीत तुकडा मोडला आणि पहिला घास आईच्या हातावर ठेवला. "नूशे जान." जिवाला गोड लागो.

तख्तावर पान मांडलं गेलं. सब्जी म्हणून आली ती भाजी नव्हे, कच्च्या पाल्याची परडी: तुळशीच्या जातीचं रेहान, पुदिना, मुळे, सोबत पनीर आणि अक्रोड. झेरेश्क घातलेला भात, वर बदाम-पिस्त्यांचे काप. झेरेश्क म्हणजे ती आंबट, माणकासारखी बारीक फळं. मुंबईत बॅलार्ड इस्टेटच्या ब्रिटानियामध्ये बेरी पुलाव खाल्ला असेल तर ती हीच. माझ्यासाठी फेसेंजान: अक्रोडाचं कूट आणि डाळिंबाचा आटवलेला रस यांत तासन् तास शिजलेली कोंबडी. रंग काळपट, चव आंबट-गोड, आणि अक्रोडाचं तेल वर सुटलेलं. माझ्या मते इराणी स्वयंपाकातला हा सगळ्यात खोल पदार्थ आहे, कबाबांच्या फार पुढचा. सोबत पुदिना घातलेलं दूघ, म्हणजे आपलं ताक. हा शब्द आणि आपलं दूध एकाच फार जुन्या धातूचे.

शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तेव्हा दरबारात रुळलेल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. त्यात भोग्यवर्ग, म्हणजे उपभोगाच्या वस्तूंचं, असं एक प्रकरणही आहे. तरी आपल्या डब्यांतले बदाम, पिस्ते, बेदाणे आणि गुलकंद जागचे हलले नाहीत. बेदाणा म्हणजे बी नसलेला, गुलकंद म्हणजे फूल आणि साखर. चहाबरोबर बाईंनी साखरेचे खडे आणले आणि 'कंद' म्हणाल्या, तेव्हा आईने मान डोलावून खडा उचलला. तो दातांत धरून चहा कसा प्यायचा ते बाईंनी तिला करून दाखवलं.

त्या दिवशी आई पोटभर जेवली. वांगी तिने दोनदा मागून घेतली.

बिलाच्या वेळी गृहस्थ म्हणाले, "काबेल नदारे." तुमच्यापुढे याची काय किंमत! ही तिथली तआरोफची रीत. पाहुण्याने आग्रह धरायचा, यजमानाने नको म्हणायचं, आणि तिसऱ्या वेळी पैसे घ्यायचे. मी नोटा पुढे केल्या आणि आईच म्हणाली, "छे छे, असं कसं, घ्या हो!" तिसऱ्यांदा त्यांनी घेतले. बाईंना काय म्हणायचं ते मी तिला शिकवलं: दस्ते शोमा दर्द नकोने. तुमचा हात न दुखो. 'नकोने' मधला 'नको' तिच्या लगेच लक्षात राहिला.

मग तिने पिशवीतून स्टीलचा डबा काढला. पुण्याहून आणलेले बेसनाचे लाडू, अडीअडचणीला म्हणून जपून ठेवलेले. उरलेले पाचही तिने बाईंच्या ओंजळीत ठेवले. बाईंनी एक फोडला, तोंडात टाकला आणि डोळे मिटून चव घेतली.

"नोखोद?" त्यांनी विचारलं. हरभरा?

आईने माझ्याकडे पाहिलं. मी होकाराची मान हलवली.

"हेल?"

"वेलची," मी आईला सांगितलं.

"हो," आई त्यांना म्हणाली, "आणि थोडं जायफळ."