एकास बहात्तर

मिग-21 या लढाऊ विमानाच्या पोटाखाली, शेपटीच्या अंगाला, अँटेनाचं एक पातं असतं. मी जोडत असलेल्या प्लास्टिकच्या मॉडेलवर, एकास बहात्तरच्या म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाच्या मापात, ते तांदळाच्या कणीएवढं होतं. परवा दुपारी ते चिमट्यातून सुटलं आणि गेलं. कुठे गेलं, हे हा उद्योग करणाऱ्यांना सांगायला नको. आमच्याकडे शहाबादी फरशी, किटचं प्लास्टिक करडं, आणि या दोघांचं साटंलोटं जुनं आहे.

मोबाईलचा टॉर्च लावून पलंगाखाली शिरलो. बायको दारात येऊन उभी राहिली.

"काय हरवलं?"

"अँटेना."

"टीव्हीचा?"

"मिगचा."

थोडा वेळ ती माझ्या तळपायांकडे बघत असावी. मग म्हणाली, "विमान कपाटात चाकांवर उभं राहणार. त्याच्या पोटाखाली वाकून बघणार कोण?"

याला उत्तर आहे, पण ते पलंगाखालून द्यायचं नसतं.

भाचा मात्र कुठूनही देतो. तो इंजिनीअरिंगला आहे आणि त्याच्या मते मॉडेल एकतर बरोबर असतं, नाहीतर खेळणं असतं. "कुणी बघो न बघो मामा, आपल्याला माहीत असतं ना!" हे त्याचं ठरलेलं वाक्य. या छंदात असे पुष्कळ जण भेटतात. आम्ही त्यांना रिव्हेट, म्हणजे विमानाचे पत्रे जोडणारे खिळे, मोजणारे म्हणतो. ते आम्हाला काय म्हणतात ते मी कधी विचारलेलं नाही.

गंमत म्हणजे खरंच मोजायला बसलं तर रिव्हेटवाल्यांचीच पंचाईत होते. एकास बहात्तर म्हणजे सहा फुटी माणूस एक इंचाचा. या हिशेबाने पाच मिलिमीटरच्या रिव्हेटचं डोकं केसाच्या जाडीएवढंच उरतं. हातभर अंतरावरून ते दिसतच नाही, दिसूच नये. मग किटवर ते ठिपके दिसतात कसे? कारण ते मापाबाहेर फुगवलेले असतात. पत्र्यांच्या सांध्यांचं तसंच. किटवर कोरलेली रेघ पाव मिलिमीटरची धरा, बहात्तरने गुणा: अठरा मिलिमीटर. खऱ्या मिगच्या अंगावर एवढी फट असती तर तीत बोट गेलं असतं आणि वैमानिकाने विमानाला हात लावला नसता. तरी ती रेघ नसली तर आम्हीच म्हणणार, छे, गुळगुळीत साबण दिसतोय.

रंगाची तऱ्हा याहून न्यारी. खऱ्या विमानाच्या डब्यातला रंग आणून छोट्या मॉडेलला फासला तर ते काळवंडल्यासारखं दिसतं. लांबची वस्तू मधल्या हवेमुळे फिकी दिसते, म्हणून जाणते लोक त्यात मुद्दाम थोडा पांढरा मिसळतात. म्हणजे बरोबर दिसावं म्हणून चुकीचा रंग लावायचा. भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मग किती टक्के पांढरा, ते तरी नीट काढायला हवं." या माणसापुढे काय बोलणार.

आणि मापाचं म्हणाल, तर एकास पस्तीस हे रणगाड्यांचं जगभर मानलेलं माप आलं कुठून? जपानच्या शिझुओकातल्या तामिया या मॉडेल कंपनीने साठच्या दशकाच्या सुरुवातीला मोटरवर चालणारा पँथर रणगाडा काढला. आत मोटर आणि सेल मावायला हवेत, म्हणून तो तेवढा केला. मागाहून हिशेब केला तर तो खऱ्याच्या साधारण पस्तिसाव्या हिश्शाचा भरला. पुढे त्याच मापात रणगाडे, जीपा, शिपाई निघत राहिले आणि आज कुणी एकास चौतीस केलं तर लोक भांडायला उठतील. सगळं सेलांच्या कृपेने! याच कंपनीने पुढे पोर्शे 911 चं मॉडेल करायचं म्हणून खरी गाडी विकत घेऊन ती सुटी केली होती, हेही खरं. दोन्ही गोष्टी एकाच घरातल्या, म्हणून मला तामिया आवडते.

मापाशी माझी पहिली ओळख झाली दिवाळीच्या किल्ल्यावर. ओळख म्हणजे काय, आम्ही त्याला ओळखच दाखवली नाही. विटा, दगड, चिखलात बुडवलेलं गोणपाट आणि वर हळीव पेरायचे. ते दोन-तीन दिवसांत असे तरारून यायचे की किल्ल्याच्या मानाने पाहिलं तर प्रत्येक रोप सागाएवढं. बालेकिल्ल्यावर सिंहासनाधिष्ठित महाराज, दरवाजाच्या दुप्पट उंचीचे. त्यांच्या शेजारी मावळा, गुडघ्याएवढा. तो दुसऱ्या दुकानातला. गुहेतला वाघ हत्तीला भारी. पायथ्याच्या रस्त्यावर एक लाल मोटार उभी असायची आणि तिच्यावर कुणाचाच आक्षेप नसायचा. एका वर्षी तोफा कमी पडल्या म्हणून बुरुजावर चावीचा रणगाडा चढवला होता. शेजारच्या आजोबांनी तो निरखून पाहिला आणि म्हणाले, "हा असता तर पुरंदरचा तह झाला नसता."

पण खरं काम भुयाराचं. एकाने या बाजूने खणायचं, दुसऱ्याने त्या बाजूने. कोपरापर्यंत हात आत, गाल ओल्या गोणपाटाला टेकलेला, नखांत खडे. वरचा डोंगर बसेल म्हणून श्वाससुद्धा बेताने. आणि मग अचानक आत, अंधारात, चिखलापलीकडून एक बोट वळवळायचं. ते आपलं नसायचं. त्या क्षणी आम्ही दोघंही जे ओरडायचो, ते ऐकून आई स्वयंपाकघरातून बाहेर यायची.

आम्ही नाशिककर. ओझरला मिग बनायचे, तेव्हा डोक्यावरून मिग जाणं यात नवल नव्हतं. आवाज यायचा तेव्हा आवाजाच्या दिशेला बघायचं नाही, त्याच्या बरंच पुढे बघायचं, हे आमच्या गल्लीत पाचवीतल्या पोरालाही ठाऊक होतं. चिखलाचा हात कपाळावर आडवा धरून बघायचं. पोटाखालचा अँटेना कधी दिसला नाही. 26 सप्टेंबर 2025 ला चंडीगडला मिग-21 ला निरोप दिला, त्या संध्याकाळी हे किट मी माळ्यावरून काढलं.

हल्ली किल्ल्यांच्याही स्पर्धा असतात. नकाशे काढून, उंचसखलपणा मोजून हुबेहूब राजगड करतात, सुवेळा माची अगदी वळणासकट. बघत राहावं असं काम असतं, खोटं कशाला बोला. पण एका ठिकाणी वडील माचीला आकार देत होते आणि मुलगा पाण्याचा मग धरून उभा होता. त्याला म्हटलं, "भुयार कुठंय रे?" तो वडिलांकडे बघायला लागला. वडील म्हणाले, "मूळ गडावर त्या जागी नाहीये."

असो. मिगसाठी भाच्याने प्लास्टिकच्या पत्र्यातून नवं पातं कापून दिलं. फोटोशी ताडून, भिंग लावून. जुन्यापेक्षा पातळ आणि अर्थातच जास्त बरोबर.

पुढचं किट आधीच आणून ठेवलंय, नॅटचं. एअरफिक्स कंपनीचं, रेड ॲरोज या ब्रिटिश हवाई कसरतींच्या पथकाच्या विमानाचं, म्हणजे दोन सीटचं शिकाऊ विमान. लांबी जास्त, पंखही मोठे. आपल्या हवाईदलाकडे होतं ते लहान, एका माणसाचं. 1965 मध्ये पाकिस्तानची सेबर विमानं पाडून त्याने नाव कमावलं. तरी मी हेच चंदेरी रंगवून त्यावर आपलं तिरंगी वर्तुळ लावणार आहे. भाचा चिडणार, चिडू दे.

फक्त खाली नावाची पट्टी लावणार नाही. 14 डिसेंबर 1971 ला श्रीनगरच्या धावपट्टीवर सहा सेबर चालून आली तेव्हा फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों बॉम्ब पडत असताना नॅट घेऊन वर गेले आणि परतले नाहीत. हवाईदलाचं एकमेव परमवीर चक्र त्यांचं. ते नाव या विमानाखाली लिहिता येणार नाही. त्या सकाळी त्यांच्या मागे कुणी बसलेलं नव्हतं. मागे सीटच नव्हती.