पाच फूट आठ इंचांचा पॉइंट गार्ड: आईचा अनुभव

अमेरिकेत कॉलेजच्या बास्केटबॉल टीमसाठी कोचना माहिती पाठवताना मार्कांच्याही आधी उंची लिहावी लागते. आमचा लेक पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे आणून चाल रचणारा खेळाडू; उंची पाच फूट आठ इंच, तेही बूट घालून. डिव्हिजन वनच्या, म्हणजे कॉलेज खेळांतल्या सर्वांत वरच्या गटाच्या, बहुतेक कोचकडून उत्तरच आलं नाही. आलं तिथे सूर एकच: खेळ छान आहे, शुभेच्छा!

घरात उदाहरणांना तोटा नव्हता. पाच फूट तीन इंचांचा मग्सी बोग्स वेक फॉरेस्ट विद्यापीठाकडून खेळला आणि एनबीए या व्यावसायिक लीगच्या 1987च्या ड्राफ्टमध्ये (नवे खेळाडू निवडतात त्यात) बाराव्या क्रमांकावर निवडला गेला. 2023मध्ये कॅन्सस स्टेटच्या मार्क्विस नोवेलने मिशिगन स्टेटविरुद्ध 19 असिस्ट (ज्यावर लगेच बास्केट होते असे पास) देऊन एनसीएए या कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेतला विक्रम केला, तोही मध्येच घोटा मुरगळूनसुद्धा. "आई, तो माझ्याएवढाच आहे!" खरंच होतं. पण हा नोवेल आधी लिटल रॉक या कमी नावाजलेल्या विद्यापीठाकडून खेळून तिथवर पोचला होता, हे सांगितलं की चिरंजीव गप्प.

मग एका डिव्हिजन थ्री (तिसऱ्या गटातल्या) कॉलेजच्या असिस्टंट कोचचा फोन आला. निवडक थ्री-पॉइंटरचे (लांबून मारलेल्या तीन गुणांच्या शॉटचे) व्हिडिओ सगळेच पाठवतात, मला एक अख्खी मॅच पाठवा, अगदी हरलेली असली तरी चालेल, असं ते म्हणाले. त्यांना बघायचा होता फक्त डिफेन्स.

कारण त्यांनीच समजावलं. समोरची टीम मुद्दाम स्क्रीन लावून (म्हणजे एकाने आडवं उभं राहून रक्षकाची वाट अडवून) आपला उंच खेळाडू बुटक्यासमोर आणते आणि त्याच्या डोक्यावरून शॉट मारते. उपाय एकच, त्यांना तिथवर निवांत पोचू द्यायचं नाही. कॉलेजमध्ये शॉट क्लॉक, म्हणजे शॉट मारायची मुदत, 30 सेकंदांचा आणि अर्धं कोर्ट 10 सेकंदांत ओलांडावं लागतं. मागच्या रेषेपासूनच बॉलवाल्याला चिकटून त्याला पाठ फिरवायला लावली, तर आठ-नऊ सेकंद तिथेच जातात आणि बुटका शोधून काढायला वेळ उरतो तो एकवीस-बावीस सेकंदांचा. रिचमंडच्या पाच फूट नऊ इंचांच्या जेकब गिलियार्डने 466 स्टील करून (बॉल हिसकावून) डिव्हिजन वनचा विक्रम केला. लेकाने मग त्याचे व्हिडिओ बघायचा सपाटा लावला आणि ड्राइव्हवेवर बाबांना ड्रिबल करायला लावून, बॉल जमिनीवरून वर येतानाच खालून हात घालायचा सराव केला. बाबांची कंबर धरली ते वेगळंच.

डिव्हिजन थ्रीमध्ये खेळाची शिष्यवृत्ती मिळत नाही, हे मात्र सुरुवातीलाच समजून घ्या. जे मिळालं ते मार्कांवर आणि आमच्या उत्पन्नावर.

आता तो दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या पाचांत नाही, पण मुख्य गार्ड दमला की आत जातो. टीमच्या यादीत त्याची उंची पाच नऊ छापलीय. आम्ही काही हरकत घेतलेली नाही. अजूनही एखादा धिप्पाड गडी त्याला बास्केटखाली रेटत नेतो, दोन-तीन बास्केट पडतात, मग कोच झोन लावतात, म्हणजे प्रत्येकाने माणूस नाही, जागा राखायची. डिव्हिजन वनला ट्रान्स्फर घेण्याचा विषय तो अधूनमधून काढतो. मी म्हणते, आधी डावा हात सुधार.