मोज्यातला चष्मा

रात्री पावणेबाराला माझं दार वाजलं. बाहेर काकू उभ्या होत्या. "अगं, जरा ह्यांना बघ ना. घामाने नुसते डबडबलेत. छातीवर कोणी बसलंय म्हणतात."

टूर मॅनेजर म्हणून बारा वर्षं माणसं फिरवते आहे, पण हे वाक्य ऐकलं की अजूनही पोटात खड्डा पडतो. त्यातही आम्ही होतो मल बेटावर. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ओबानहून फेरीने जेमतेम पाऊण तास, पण वारा सुटला की तेवढंच पाणी आडवं येतं. संध्याकाळची शेवटची फेरी वाऱ्यामुळे रद्द झाली होती.

दुपारी काका ठणठणीत होते. बँकेतून निवृत्त, वय 72, इतिहासाचं भारी वेड. ग्रुलीनला लॅकलन मक्वारीची समाधी बघायची म्हणून त्यांनीच हट्ट धरला होता. मक्वारी 1762 मध्ये शेजारच्या अल्व्हा बेटावर जन्मला, पुढे ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर झाला. त्याआधी तो लष्करी अधिकारी म्हणून मुंबईत होता. 1793 मध्ये मुंबईतच त्याने जेन जार्विसशी लग्न केलं. तीन वर्षांत ती चीनच्या किनाऱ्यावरच्या मकावला क्षयाने गेली, तेव्हा त्याने तिला परत मुंबईत आणून पुरलं आणि इथल्या जमिनीला नाव दिलं जार्विसफील्ड. काका चष्मा पुसून पुसून शिळेवरचं अक्षर न् अक्षर वाचत होते. मला म्हणाले, "बघ, जिच्या नावाची ही जमीन, ती आपल्या मुंबईत झोपलीय." मला ते फार लागलं.

आमचं हॉटेल टॉबरमोरी गावाबाहेर, जुन्या दगडी घरातलं. लिफ्ट नाही, जिना अरुंद आणि पायरीगणिक करकरणारा. दारात चिखलाचे गमबूट ओळीने लावलेले, दिवाणखान्यात लाकडांची शेकोटी, रात्री पांघरुणात लोकरी खोळ घातलेली गरम पाण्याची पिशवी. अशा ठिकाणी आपण ग्राहक नसतो, कोणाच्या तरी घरी उतरलेले असतो. मालकीणबाई साठीच्या. स्वयंपाकी तिशीतला, अबोल. आमच्यातल्या शाकाहारी मंडळींसाठी त्याने मसुराचं सूप वेगळं केलं होतं आणि हाडांचं पाणी वापरलेलं नाही, हे स्वतः टेबलापाशी येऊन सांगून गेला. सगळ्यांनी दोन-दोनदा घेतलं.

जेवण झाल्यावर काकांना बारवर एक होडीच्या आकाराची पेटी दिसली. मी सांगितलं की ती लाइफबोट संस्थेची दानपेटी. समुद्रात अडकलेल्यांना वाचवणारी ही संस्था 1824 मध्ये निघाली, आजही मुख्यतः लोकांच्या देणग्यांवर चालते आणि होडीवरची बहुतेक माणसं बिनपगारी स्वयंसेवक असतात. "1824? मक्वारीही त्याच वर्षी गेला," म्हणत काकांनी खिसा चाचपला आणि एक पौंड आत टाकला.

त्यानंतर चार तासही झाले नव्हते.

मालकीणबाई गाऊनवरच धावत वर आल्या. त्यांनी 999 हा तिथला आपत्कालीन नंबर लावला, पलीकडून सांगितलं तशी ॲस्पिरिनची गोळी काकांना चावायला दिली, उशा पाठीशी लावून त्यांना बसतं केलं. काकूंचा हात त्यांनी सोडला नाही. रुग्णवाहिका आली. ईसीजी बघून तिथल्या माणसाने सांगितलं, ओबानच्या रुग्णालयात न्यावं लागेल. ढग इतके खाली होते की हेलिकॉप्टर येणार नव्हतं. मग?

तेवढ्यात खाली स्वयंपाकघरातून पिंपिं असा आवाज आला. जिन्यावरून मी वाकून बघितलं तर आमचा स्वयंपाकी एका हाताने बुटात पाय घालत होता, दुसऱ्या हातात पेजर. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "बंदरावर भेटू."

बंदरावर नारिंगी-निळी होडी दिवे लावून उभी होती. संध्याकाळी ॲप्रन बांधलेला तोच माणूस आता पिवळ्या पोशाखात, डोक्यावर हेल्मेट. काकांचं स्ट्रेचर आत घेताना सहा जणांचे हात असे चालत होते की धक्का बसला नाही. बरोबर एकालाच येता येईल, असं सांगितलं. मी गोठले. काकूंना इंग्रजी येत नाही. माझे बाकीचे चौदा जण हॉटेलात. काकूंनीच माझ्या गालाला हात लावला, "तू राहा गं, त्या सगळ्यांना कोण आहे?" आणि चढल्या.

वळसा घेऊन दिवे दिसेनासे झाले तरी मी तिथेच उभी होते.

पहाटे दोनला ओबानहून फोन आला. पोचले होते. सौम्य झटका, उपचार सुरू. मी हॉटेलच्या जिन्यावर बसून रडले. मालकीणबाई चहा ठेवून गेल्या आणि काकांच्या खोलीत शिरल्या. सामान भरायला मी उठले तर म्हणाल्या, तू झोप, मी करते.

सकाळी साडेसातला नाश्त्याला खाली गेले. स्वयंपाकी चुलीपाशी पॉरिज ढवळत होता. डोळे लाल. होडी परत लावून, धुऊन, पुन्हा इंधन भरून तो सहाला आला होता. मी आभार मानायला लागले तर त्याने विचारलं, "त्या आजोबांना सूप आवडलं होतं ना?" ग्रुपमध्ये कोणी काही बोलेना. मग एकेक जण उठून बारपाशी गेला. नाणी संपल्यावर नोटा बारीक दुमडून आत गेल्या. लाइफबोटचं बिल कोणालाच लागत नाही, हे मी त्यांना सांगितलंही नव्हतं.

वारा पडला, दुपारची फेरी निघाली. रुग्णालयात काका उशीला टेकून बसले होते. काकू मला सांगत होत्या, "तो सूपवाला मुलगा सगळा वेळ माझ्याजवळ बसला होता. काळोखात दिवा दिसला की बोट करून म्हणायचा, लिझमोर लाइट. मला तेवढं कळलं. लाइट."

काका मात्र अस्वस्थ. "माझा चष्मा तिथेच राहिला बघ. उशाशी होता."

मी बॅग उघडली. कपडे इस्त्रीच्या घडीसारखे लावलेले, औषधांची डबी वर. कोपऱ्यात काकांचेच लोकरी पायमोजे, त्यातला एक जरा फुगलेला. हात घातला तर आत चष्मा, काचा स्वच्छ पुसलेल्या.